टीव्ही काळा पडला? आधी काळा कुठला ते बघा

गेल्या एप्रिलमध्ये औशाहून आत्याचा फोन आला. रात्रीची साडेआठची वेळ, म्हणजे तिच्या मालिकेची. "अरे, टीव्ही आंधळा झालाय बघ. काल तर चांगला चालू होता." मी विचारलं, काहीच दिसत नाही का? "दिसतंय की. आधी ते चिन्ह येतंय, मग गुडुप. परत चिन्ह, परत गुडुप. असंच करायलाय तासभर."

तोवर घरात बरेच उपाय होऊन गेले होते. रिमोटचे सेल बदलले, वायफायचा डबा तीनदा बंद-चालू केला, आणि शेजारच्या पोरानं 'सगळं रीसेट मारा' असा सल्ला दिला. नशीब, रीसेट कसं मारायचं ते त्याला माहीत नव्हतं.

टीव्हीला इंटरनेटवरचे सिनेमे-मालिका दाखवणारी स्टिक किंवा बॉक्स लावून बघणाऱ्यांच्या घरी हा प्रसंग कधी ना कधी येतोच. काळा पडदा दिसला की आपण एकच बिघाड समजतो आणि हाताला येईल ते बटन दाबत सुटतो. पण चित्र पडद्यावर यायला एक साखळी लागते: भिंतीतला प्लग, ॲडॉप्टर, स्टिक, एचडीएमआयची (स्टिकमधून टीव्हीत चित्र आणि आवाज नेणारी) जोडणी, टीव्ही आणि सगळ्यात शेवटी ॲप. कडी कुठली तुटली त्यावर काळा बदलतो. म्हणून काही दाबायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघायचं.

पडद्याकडे नीट बघा

खोलीतला दिवा बंद करा आणि टीव्हीच्या रिमोटवरचं (स्टिकच्या नव्हे) सोर्स किंवा मेनूचं बटन दाबा. पडद्यावर टीव्हीची स्वतःची यादी आली, तर टीव्ही ठणठणीत आहे. भानगड स्टिकमध्ये, वायरमध्ये नाहीतर ॲपमध्ये. या एका चाचणीनं अर्धं काम होतं, आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

'नो सिग्नल' अशी अक्षरं फिरत असतील, तर टीव्ही जागा आहे, पण त्या पोर्टवर त्याला काही मिळत नाही. आधी सोर्स, म्हणजे टीव्ही कुठल्या पोर्टवरून चित्र घेतोय ते तपासा. घरात लहान मूल असेल तर हमखास कुणीतरी एचडीएमआय २ वरून १ वर नेऊन ठेवलेलं असतं. स्टिक कुठल्या पोर्टात आहे ते टीव्हीच्या मागे आकड्यासकट लिहिलेलं असतं. मोबाईलनं त्याचा फोटो काढून ठेवा, दर वेळी मान वाकडी करावी लागणार नाही.

सोर्सची यादीही येत नाही, पण आवाज मात्र येतोय? मग मोबाईलचा टॉर्च लावा, काचेच्या अगदी जवळ धरा आणि तिरपा पाडा. काळ्यामागे माणसं पुसट हलताना दिसली, तर चित्र तयार होतंय, फक्त त्याच्या मागचा उजेड गेलाय. एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिव्यांच्या पट्ट्या असतात, त्या जळाल्या. मग स्टिकशी झटापट करून उपयोग नाही, टीव्ही दुकानातच न्यावा लागणार.

आणि टीव्हीचा लाल दिवासुद्धा लागत नसेल, तर आधी बोर्डाचा खटका बघा. हसू नका, मी स्वतः एकदा अर्धा तास घालवलाय.

आता करंटकडे

आत्याच्या 'चिन्ह, मग गुडुप'चा उलगडा इथे आहे. दुसऱ्या दिवशी लातूरहून औशाला गेलो आणि टीव्हीच्या मागे डोकं घातलं. स्टिकचा ॲडॉप्टर जागेवर नव्हता. कूलर काढला होता ना! बोर्डावर प्लग दोनच, एक टीव्हीला, दुसरा कूलरनं घेतला. मग स्टिकची वायर कुणीतरी हुशारीनं टीव्हीच्याच यूएसबीत खोचून दिली. ॲडॉप्टर फडताळात, सुताच्या गुंडाळ्यांशेजारी.

साध्या स्टिकला ५ व्होल्टवर साधारण १ अँपिअर लागतो. काही मॉडेलना त्याहून जास्त. टीव्हीचा साधा यूएसबी २.० पोर्ट मात्र अर्ध्या अँपिअरचा, म्हणजे ५०० मिलिअँपिअरचा. सुरुवातीचं चिन्ह दाखवायला तेवढ्यात भागतं. पुढे प्रोसेसर, वायफाय, चित्र असं सगळं एकदम उठायला लागलं की व्होल्टेज पडतं, स्टिक बसते, पुन्हा उठते. कधी कधी महिनोन् महिने असं चालूनही जातं, मग नवीन अपडेट आलं की अडायला लागतं, आणि लोक अपडेटला शिव्या देतात.

तेव्हा स्टिकसोबत आलेला ॲडॉप्टर आणि त्याचीच वायर भिंतीत लावा. हाताशी नसेल तर ५ व्होल्ट आणि १ अँपिअर किंवा त्याहून जास्त लिहिलेला चांगला मोबाईल चार्जर चालतो. अँपिअर जास्त असले म्हणून स्टिक जळत नाही, ती लागेल तेवढाच ओढते. वायर मात्र बारीक, ठेल्यावरची नको. बऱ्याच स्टिकवर दिवा नसतो, त्यामुळे करंट पोचतोय का ते कळायला मी साधी युक्ती करतो: पाच मिनिटांनी स्टिकला बोट लावून बघतो. कोमट लागली तर जीव आहे. दगडासारखी थंड असेल तर ॲडॉप्टर, वायर आणि प्लग एकेक बदलून बघा.

एक सांगून ठेवतो. प्लग कमी पडतात म्हणून कूलर, टीव्ही आणि स्टिक एकाच बारक्या एक्स्टेन्शनवर लटकवू नका. कूलरचा पंप चालू होताना टीव्ही डोळा मिचकावतो, तो उगाच नाही.

लाईट येऊन गेल्यावर

आपल्याकडे लाईट जाते आणि येते, हे काही नवं नाही. पण ती आल्यावर बऱ्याच घरी टीव्ही काळा राहतो. कारण असं, की एचडीएमआयची वायर लावली की लगेच चित्र धावत नाही. १९ पिनांच्या त्या जोडणीत शेवटची पिन फक्त 'मी इथे आहे' एवढं टीव्हीकडून स्टिकला कळवते. मग स्टिक विचारते, तुला किती मोठं चित्र चालतं? टीव्ही सांगतो, आणि त्यानंतर चित्र सुटतं. लाईट आली की दोघं एकदम जागे होतात. टीव्हीला उठायला वेळ लागतो, स्टिकनं विचारलं तेव्हा तो अजून डोळे चोळत असतो. बोलणं फिसकटतं आणि दोघंही गप्प बसतात.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळायचा. टीव्ही आणि स्टिक दोन्ही भिंतीतून काढा; रिमोटनं बंद केलेला टीव्ही हा बंद नसतो, झोपलेला असतो. प्लग काढलेला असतानाच टीव्हीवरचं पॉवरचं बटन अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट उतरतो. मिनिटभर थांबा. आता फक्त टीव्ही लावा, स्टिकचा सोर्स निवडा, 'नो सिग्नल' येऊ द्या. मग स्टिकला करंट द्या. माझ्या अनुभवात निम्मे काळे पडदे इथेच उजळतात.

तरी नाही उजळला, तर स्टिक दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात घालून बघा. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर स्टिक मागे दबते आणि पोर्टात तिरकी बसते. डब्यात एक वीतभर छोटी एक्स्टेन्डर वायर येते, जी आपण बिनकामाची म्हणून टाकून देतो, ती शोधा. पोर्टात धूळ दिसली तर कोरड्या मऊ ब्रशनं झटका. सुई, टाचणी, ओला बोळा काहीही आत घालायचं नाही.

आणि मग सगळ्यात खात्रीची चाचणी: स्टिक ॲडॉप्टरसकट उचला आणि शेजारी जा. त्यांच्या टीव्हीवर चालली तर दोष तुमच्या टीव्हीचा किंवा त्याच्या पोर्टाचा. तिथेही काळंच, तर दोष स्टिकचा किंवा तिच्या ॲडॉप्टरचा. चहा होईपर्यंत निकाल लागतो.

चित्र टीव्हीच्या आवाक्याबाहेर गेलं असेल तर

जुना टीव्ही आणि नवी ४के स्टिक, किंवा कुणी सेटिंगमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती बारकाव्याचं ते, बदललं, की टीव्हीला ते चित्र झेपत नाही आणि तो काळा होतो. सेटिंग दुरुस्त करावं तर तेही दिसत नाही. फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटवर वरचा बाण आणि मागे नेण्याचं, म्हणजे रिवाइंडचं बटन एकदम पाच सेकंद दाबून धरा. स्टिक एकेक रिझोल्यूशन आपणहून लावून दाखवायला लागते, प्रत्येक साधारण दहा सेकंद. चित्र दिसलं की मधलं गोल बटन दाबून तेच कायम करायचं. इथे घाई करू नका, मधेच चार बटनं दाबलीत तर पहिल्यापासून. नुसती स्टिक पुन्हा चालू करायची असेल तर मधलं गोल बटन आणि प्ले-पॉज एकत्र, पाच ते दहा सेकंद. दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सला ही सोय नसेल तर तो नव्या टीव्हीला लावून रिझोल्यूशन १०८०पी करा आणि परत आणा.

मेनू दिसतो, सिनेमा काळा

हा प्रकार वेगळा. स्टिकची होम स्क्रीन दिसते, पोस्टर दिसतात, पण सिनेमा लावला की आवाज येतो आणि चित्र नाही. पुष्कळदा तो सिनेमाची चोरी रोखण्याच्या कुलपाचा परिणाम असतो. एचडीसीपी नावाचं हे कुलूप स्टिक आणि टीव्ही दोघांकडे जुळावं लागतं. ४के चित्राला त्याची २.२ आवृत्ती लागते. मध्ये जुना होम थिएटर, स्प्लिटर किंवा डबा टीव्हीसाठी घेतलेला एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर असेल, तर तो काढून स्टिक थेट टीव्हीत लावून बघा. मोबाईलचा पडदा टीव्हीवर टाकून सिनेमा लावल्यावर काळं दिसतं, तेही अशाच कुलपामुळे. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

एकाच ॲपमध्ये काळं असेल, तर सेटिंगमधून ते ॲप सक्तीनं थांबवा, कॅशे (ॲपनं तात्पुरतं साठवलेलं) पुसा, अपडेट बघा. बऱ्याच स्टिकमध्ये साठवायला जागा ८ जीबीच असते आणि त्यातलीही बरीच आधीच गेलेली. पोरांचे चार गेम काढून टाकलेत तरी फरक पडतो. आणि सिनेमा सुरू होताना दोन-तीन सेकंदच काळं होत असेल, तर तो बिघाड नाही. सिनेमाच्या चित्रांचा वेग टीव्हीशी जुळवताना तसं होतं.

ऊन आणि वीज

अर्धा-पाऊण तास चांगलं चालून मग काळं होतंय, थोड्या वेळानं परत चालतंय? स्टिकला हात लावून बघा, चटका बसेल. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, वर पत्र्याचं घर, टीव्ही पश्चिमेच्या भिंतीला, आणि स्टिक टीव्ही आणि भिंतीच्या फटीत कोंडलेली. एक्स्टेन्डर वायर लावून ती बाजूला मोकळी लोंबू द्या. फ्रीजमध्ये ठेवून गार करणारे महाभागही पाहिलेत. तसं करू नका, बाहेर काढली की आत पाणी सुटतं.

अवकाळीचं आभाळ भरून आलं की टीव्ही, स्टिक, राउटर सगळ्यांचे प्लग काढा, आणि डिशची वायरही. खटका बंद करून भागत नाही. कडाडून गेल्यावर टीव्ही चालतो, पण एक एचडीएमआय पोर्ट मेलेला, असं होतं. तेव्हा बाकीचे पोर्ट लावून बघा.

रिमोट, आणि रीसेट सगळ्यात शेवटी

स्टिक नुसती झोपलेली असेल आणि रिमोटचे सेल उतरले असतील, तरी पडदा काळाच. टीव्हीच्या रिमोटचं टोक मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटन दाबा. जांभळट ठिणगी दिसली तर रिमोट चालू आहे. स्टिकचा रिमोट मात्र ब्लूटूथवर चालतो, त्याची बाणांची बटनं दाबून काही दिसणार नाही. त्याचे सेल बदला, किंवा मोबाईलवर स्टिकचं ॲप घ्या; मोबाईल आणि स्टिक एकाच वायफायवर हवेत.

फॅक्टरी रीसेट करायचंच झालं, तर फायर टीव्हीवर बॅक आणि उजवा बाण एकत्र दहा सेकंद. पण त्याआधी विचारा, वायफायचा पासवर्ड कुणाला माहीत आहे? खातं कुणाच्या नंबरवर आहे? आत्याच्या घरी ते पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या नंबरवर. शेजारच्या पोरानं रीसेट मारलं असतं, तर ओटीपी हिंजवडीत मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाकडे गेला असता आणि आत्या औशात पडद्याकडे बघत बसली असती.

एवढं करूनही काळंच असेल, तर दुकान गाठा. टीव्हीचं मागचं झाकण घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत धक्का बसण्याइतका करंट राहतो. वॉरंटी शिल्लक असेल तर बिल शोधा आणि बाहेरच्या कारागिराला हात लावू देऊ नका. पडद्यामागच्या दिव्यांच्या पट्ट्या बदलायच्या ठरल्या तर एकूण किती घेणार ते आधी विचारा आणि जुन्या पट्ट्या परत मागा. दुकानात जाताना स्टिक, तिचा ॲडॉप्टर आणि दोन्ही रिमोट पिशवीत टाका, नाहीतर "रिमोट आणला नाही का?" असं म्हणून दुसरी खेप पडते.