वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप अभ्यासाच्या कामी कसा आणावा

सेमिस्टर सुरू झालं की सीआर (वर्गप्रतिनिधी) ग्रुप काढतो आणि महिन्याभरात वाढदिवस, मीम आणि ‘ओके’च्या ढिगाखाली प्रॅक्टिकलच्या बॅचची यादी गाडली जाते. सूचना आणि गप्पा एकाच जागी ठेवल्या की हे होणारच.

१. आधी व्हॉट्सॲपवर कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र ठेवायची सोय, काढा. तिच्यासोबत सूचनांचा ग्रुप आपोआप तयार होतो. त्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात. त्याखाली शंकांचा वेगळा ग्रुप जोडा. ॲडमिन निदान तिघे हवेत. सबमिशनच्या आदल्या रात्रीच एखाद्याचा फोन बंद पडतो. शंकांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून जॉइन करायची लिंक इन्स्टाग्रामवर टाकू नका.

२. नोट्स ग्रुपवर साठवू नका. वेळेत डाउनलोड न केलेली फाइल नंतर उघडत नाही, मग परीक्षेच्या तोंडावर ‘पुन्हा टाक ना’ सुरू होतं. गूगल ड्राइव्हवर विषयवार फोल्डर करा, आत युनिटवार. फाइलचं नाव ‘डीबीएमएस_युनिट३_नोट्स’ असं (डीबीएमएस म्हणजे डेटाबेसचा विषय). ‘नवीन फायनल’ असं नको. लिंक ‘फक्त पाहण्यासाठी’ ठेवा, नाहीतर कुणीतरी चुकून फोल्डर रिकामं करतं. लिंकचा मेसेज पिन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, मग ती पुन्हा लावावी लागते. फळ्याचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो दाबला जातो आणि समीकरणातले बारीक आकडे वाचता येत नाहीत.

३. शंका नेमकी विचारा. डीबीएमएसचंच उदाहरण घ्या: त्यात नॉर्मलायझेशन म्हणजे टेबल नीट तोडायची पद्धत, थ्री-एनएफ आणि बीसीएनएफ या तिच्या पायऱ्या. ‘नॉर्मलायझेशन कुणाला येतं का?’ याला उत्तर येत नाही. ‘युनिट ३, उदाहरण ४: थ्री-एनएफपर्यंत आलो, बीसीएनएफसाठी टेबल कुठे तोडायचं?’ असं विचारा आणि केलेल्या पायऱ्यांचा फोटो जोडा. कुठे अडलंय ते दिसलं की सांगणाऱ्यालाही दोन ओळींत सांगता येतं. उत्तर देताना ‘रिप्लाय’ वापरा, नाहीतर तीन शंकांची उत्तरं एकमेकांत मिसळतात.

४. जादा तासाची वेळ पोलने ठरवा. एकापेक्षा जास्त उत्तरांची सोय बंद करा. ती चालू राहिली तर सगळे सगळ्याच वेळांवर टिचकी मारतात आणि तास काही ठरत नाही.

५. ‘पेपर पुढे ढकलला’ची शहानिशा करा. जोरदार पाऊस झाला की असे स्क्रीनशॉट फिरतात आणि कधीकधी ते मागच्या वर्षीचे असतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परिपत्रक दिसल्याशिवाय ॲडमिननी काही टाकू नये. टाकताना तारीख आणि थेट लिंक द्यावी. ‘फुटलेला पेपर’ आला तर गंमत म्हणूनही पुढे पाठवू नका. पेपर फोडणं, पसरवणं हा महाराष्ट्रात १९८२ च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

शिक्षकांना न विचारता ग्रुपमध्ये घेऊ नका. इंटर्नलच्या गुणांची नावानिशी यादी ग्रुपवर नकोच.

ड्राइव्हचं फोल्डर कॉलेजच्या ईमेलवर काढू नका. पास झाल्यावर ते खातं बंद झालं की ज्युनियर्सच्या हाती मेलेली लिंक उरते.