सरकारी रिसर्च ग्रँट मागताय? आधी या चुका टाळा

ग्रँटसाठी अर्ज मागवणारा कॉल निघाला की कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ पडते, दहा जण थम्स-अप टाकतात आणि शेवटचा आठवडा येईपर्यंत ती फाईल कोणी उघडतही नाही. मग रात्री जागून प्रपोजल, सकाळी प्राचार्यांच्या सहीसाठी धावपळ, दुपारी पोर्टल गोल गोल फिरतंय. आमच्याकडे रिसर्च कमिटीच्या निमित्ताने बरीच प्रपोजल्स नजरेखालून जातात, त्यावरून सांगतो. आयडिया कच्ची म्हणून पडणारी असतातच, त्याला इलाज नाही, पण आयडिया चांगली असूनही जी अडकतात ती जवळजवळ नेहमी ऑफिसच्या कामात अडकतात. पात्रता, बजेट, परवानग्या, हिशोब. पीएचडीला हे कोणी शिकवत नाही आणि नंतर विचारायची लाज वाटते.

जुन्या नावाने शोधत बसणं

अजूनही लोक "सर्बचा फॉर्म कुठे मिळेल" असं विचारतात. सर्ब, म्हणजे संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं जुनं मंडळ, आता नाहीये. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन म्हणजे एएनआरएफ आलं आणि सर्ब त्यात विलीन झालं. योजनांची नावंही बदललीत. नव्याने लागलेल्यांसाठी पूर्वी स्टार्ट-अप रिसर्च ग्रँट होती, दोन वर्षांना ३० लाखांपर्यंत, तिच्या जागी आता प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे, तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत. कोअर रिसर्च ग्रँटच्या जागी अॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट आली. सीनियर सरांनी प्रेमाने दिलेला २०१९ चा फॉरमॅट वापरून प्रपोजल लिहायचं आणि पोर्टलवर वेगळेच रकाने दिसले की कॉपी-पेस्ट करत बसायचं, हा प्रकार बंद करा. कॉलची नवी पीडीएफ आधी शेवटपर्यंत वाचा, विशेषतः शेवटची पानं, सगळी मेख तिथेच असते.

आपण बसतो का ते न बघणं

हे सगळ्यात वाईट, कारण यात महिनाभराची मेहनत एका ओळीने जाते. अर्ली करिअरला वयाची अट ४२ आहे (काही गटांना सवलत आहे, ती वाचा) आणि नोकरी नियमित हवी. आपल्याकडे सीएचबीवर वर्षानुवर्षं शिकवणारे हुशार लोक आहेत, नेट-सेट-पीएचडी सगळं झालेलं, पण तासिका तत्त्वावर असताना बहुतेक मोठ्या योजनांत पीआय म्हणजे प्रोजेक्टचा मुख्य संशोधक होता येत नाही. अन्याय आहे का, आहे. पण फॉर्म भरून तो मिटत नाही. अशा वेळी पोस्टडॉक फेलोशिप बघा किंवा वुमन सायंटिस्टसाठीच्या डीएसटी-डीबीटीच्या (केंद्राचे विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभाग) योजना बघा, तिथे रेग्युलर नोकरी नसलेल्यांना जागा असते.

उलट बाजूला रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले सर तीन वर्षांचा प्रोजेक्ट टाकतात. मुदत संपेपर्यंत पीआय नोकरीत असावा लागतो. मग को-पीआय (सह-संशोधक) त्याच कॉलेजचा तरुण माणूस घ्या, किंवा सरळ त्यालाच पीआय करा आणि तुम्ही मागे उभे राहा. यावरून स्टाफरूममध्ये रुसवेफुगवे होतात ते वेगळं.

राज्य विद्यापीठं आणि त्यांची संलग्न कॉलेजं यांच्यासाठी 'शुअर' नावाची योजना निघाली होती, तीन वर्षांना ३० लाख, आणि तिथे स्पर्धा आपल्यासारख्यांशीच होती, आयआयटीशी नाही. असा कॉल निघाला तर तो सोडून थेट अॅडव्हान्स्ड ग्रँटला आयसरवाल्यांशी टक्कर द्यायला जाण्यात शौर्य आहे, शहाणपण नाही. राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, विद्यापीठांच्या स्वतःच्या छोट्या ग्रँट्स आहेत. पहिलं प्रपोजल तिथे टाका, दोन-चार लाखांचा का होईना एक प्रोजेक्ट नीट पूर्ण झाल्याचा कागद हातात असला की पुढच्या रिव्ह्यूअरला तुम्ही हिशोब देणारे आहात हे दिसतं.

"अभ्यास करणे" हे ऑब्जेक्टिव्ह

तुळशीच्या पानांपासून चांदीचे नॅनोपार्टिकल्स, पश्चिम घाटातल्या अमुक वनस्पतीची अँटिऑक्सिडंट अॅक्टिव्हिटी, तमुक नदीच्या पाण्याची गुणवत्ता तपासणे. रिव्ह्यूअरने हे इतकं वाचलंय की पहिल्या पानावरच त्याची झोप उडत नाही, येते. विषय वाईट नाहीत हो, प्रश्न नसतो त्यात.

उदाहरण घ्या. "किनवट तालुक्यातील भूजलाचा भौतिक-रासायनिक अभ्यास करणे" असं लिहिलं की त्याला शेवट नाही, कितीही बाटल्या भरून आणा. तेच "किनवटमधल्या ६० विहिरींत पावसाळ्याआधी आणि नंतर फ्लोराईड किती बदलतं, आणि ते वाढण्यामागे खडक जास्त आहे की बोअरचा खोल उपसा" असं लिहा. आता नमुने किती ते ठरलं, कधी घ्यायचे ते ठरलं, भूगर्भशास्त्रवाला को-पीआय का हवा ते आपोआप समजलं आणि बजेटसुद्धा निम्मं लिहून झालं. ऑब्जेक्टिव्ह तीन ठेवा, फार तर चार. सात-आठ ऑब्जेक्टिव्ह टाकणाऱ्याला वाटतं भरगच्च दिसतंय, वाचणाऱ्याला वाटतं याला तीन वर्षांत काय होतं ते माहीत नाही.

साहित्याचा आढावा कॉपी मारू नका, सॉफ्टवेअर पकडतं. पुढे.

बजेट शेवटच्या रात्री लिहिणं

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे आहे.

पहिला घोळ जीएसटीचा. सार्वजनिक संशोधन संस्थांना डीएसआयआर या केंद्रीय विभागाचं सर्टिफिकेट दाखवून यंत्रं ५ टक्के जीएसटीने मिळायची, ती सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली. आता बहुतेक यंत्रांना १८ टक्के लागतो. पण जुन्या प्रपोजलमधलं बजेटचं कोष्टक उचललं की ५ टक्के तसेच येतात. १० लाखांच्या यंत्रावर ५० हजारांऐवजी १ लाख ८० हजार, म्हणजे १ लाख ३० हजारांचा खड्डा, आणि तो मंजुरीनंतर कळतो. वाढीव पैसे कोणी देत नाही. मग यंत्राचं मॉडेल खाली आणा, मग ज्या कामासाठी ते घेतलं तेच त्यावर होत नाही, अशी साखळी सुरू. कोटेशन ताजं घ्या, त्यात टॅक्स, वाहतूक, इन्स्टॉलेशन सगळं वेगळं लिहून घ्या, आणि यंत्राला एसी, यूपीएस किंवा गॅस सिलेंडर लागत असेल तर तेही आत्ताच धरा. "ते कॉलेज बघेल" असं म्हणून सोडलेली गोष्ट कॉलेज बघत नाही.

दुसरा घोळ माणसांच्या पगाराचा. नेट-गेट झालेल्या जेआरएफला, म्हणजे प्रोजेक्टवरच्या ज्युनियर रिसर्च फेलोला, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफ म्हणजे सीनियर फेलो झाल्यावर ४२,०००, त्यावर घरभाडं वेगळं. हे घरभाडं लोक विसरतात. पुणे एक्स म्हणजे सगळ्यात मोठ्या शहरांच्या गटात येतं, केंद्राच्या सध्याच्या दराने ३० टक्के, म्हणजे जेआरएफचे ११,१०० दरमहा, आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ धरला तर १२,६००. तीन वर्षांचा हिशोब केला तर ४ लाख १७ हजार ६०० रुपये होतात. कोल्हापूर वाय शहर, तिथे २० टक्के, तालुक्याच्या गावी १० टक्के. मित्राचं पुण्याचं बजेट बघून तालुक्याच्या गावी तेच आकडे टाकणारेही पाहिलेत आणि उलटंही.

तिसरं म्हणजे हेड, खर्चाचे रकाने. यंत्रं नॉन-रिकरिंगमध्ये (एकदाच होणारा खर्च), बाकी केमिकल्स, प्रवास, पगार, कंटिंजन्सी हे रिकरिंगमध्ये. यंत्राचे उरलेले ८० हजार आहेत म्हणून त्यातून केमिकल्स आणायची, असं आपल्या मनाने चालत नाही, लेखी परवानगी लागते. आणि ओव्हरहेडची, म्हणजे वीज-जागा-ऑफिसच्या खर्चाची, रक्कम संस्थेची असते, पीआयच्या खिशातली नाही, त्यावरून कॉलेजशी भांडण्याआधी सँक्शन लेटर वाचा.

यंत्र मागताना अजून एक. आपल्या कॉलेजात एनएमआरसारखं मोठं महागडं यंत्र मागणारं प्रपोजल पाहिलं की रिव्ह्यूअर पेन खाली ठेवतो. आयआयटी मुंबईला सैफ, म्हणजे महागड्या यंत्रांचं सगळ्यांसाठी खुलं केंद्र, आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सैफ आहे, आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं शोधता येतात, सॅम्पल पाठवून पैसे भरून काम होतं. "हे मोजमाप आम्ही बाहेरून करून घेणार, त्याचे इतके रुपये" असं लिहिलेलं प्रपोजल समजूतदार वाटतं. यंत्र मागायचंच असेल तर आठवड्यातून किती तास चालेल आणि अजून कोण वापरेल ते लिहा.

परवानग्या "मंजुरी आल्यावर बघू"

उंदीर वापरणार असाल तर प्राण्यांची एथिक्स कमिटी, माणसांचे नमुने किंवा नुसती प्रश्नावली असली तरी मानवी एथिक्स कमिटी, जीएमओ म्हणजे जनुकं बदललेले जीव असतील तर बायोसेफ्टी कमिटी. आपल्या कॉलेजात नसेल तर शेजारच्या मेडिकल किंवा फार्मसी कॉलेजशी आधीच बोलून ठेवा.

पण खरा वेळ खाते ती वनखात्याची परवानगी. कोयना अभयारण्यातून नमुने आणायचे तर वनखात्याच्या नागपूरच्या मुख्यालयापर्यंत फाईल जाते. मंजुरी जूनमध्ये आली, अर्ज जुलैत केला, उत्तर दिवाळीनंतर, तोवर पावसाळा गेला आणि प्रोजेक्टचं एक वर्ष गेलं. सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी तुमचा विषय असेल तर विचारूच नका. अर्जाचा मसुदा प्रपोजलसोबतच तयार ठेवा, आणि टाइमलाइनमध्ये पहिल्या सहा महिन्यांत फिल्डवर्क टाकू नका, तिथे लॅबची तयारी आणि जेआरएफची भरती टाका.

मंजुरी आली, आता काय बिघडतं

पेढे वाटून झाले की पहिलं काम कॉलेजच्या अकाउंटंटकडे चहाला जाणं. खरंच सांगतो. पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैशांच्या पोर्टलवर, खातं आहे का, पैसे देणाऱ्या एजन्सीने सांगितलेल्या बँकेत झिरो बॅलन्स खातं उघडायचंय का, सह्या कोणाच्या, पोर्टलवर बिल भरणारा मेकर कोण आणि ते मंजूर करणारा चेकर कोण. प्राचार्य बदलले आणि डिजिटल सही अजून जुन्याच सरांच्या नावावर आहे, या एका कारणाने पैसे दिसतायत पण काढता येत नाहीत असे प्रोजेक्ट आहेत.

खरेदीचं म्हणाल तर आधी जेममध्ये, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, बघा. तिथे वस्तू नसेल तर तसा रिपोर्ट पोर्टलवरूनच काढता येतो, तो काढून फाईलला लावा, मग बाहेरून घ्या. वैज्ञानिक खरेदीच्या मर्यादा जून २०२५ मध्ये वाढल्यात, त्यामुळे "एवढ्याच्या वर तीन कोटेशन लागतातच" असं कोणी छातीठोक सांगितलं तरी तुमच्या संस्थेला आता कुठला नियम लागू आहे ते लेखी विचारा. आणि तिन्ही कोटेशन एकाच दुकानदाराने वेगवेगळ्या लेटरहेडवर आणून दिलेली असतील तर ऑडिटरला ते पहिल्या मिनिटात कळतं, फॉन्टसुद्धा तोच असतो.

आता यूसी. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरलेल्या कामाला वापरल्याचा दाखला, फॉर्म जीएफआर १२-ए, सोबत खर्चाचं स्टेटमेंट. हे आर्थिक वर्षाप्रमाणे द्यायचं, १ एप्रिल ते ३१ मार्च. प्रोजेक्ट ऑक्टोबरमध्ये सुरू झाला म्हणून ऑक्टोबर ते सप्टेंबर असा हिशोब पाठवला की परत येतो. बँकेत व्याज जमा झालं असेल तर ते तुमचं नाही, दाखवायचं आणि सरकारजमा करायचं. झिरो बॅलन्स खात्यात ३१ मार्चपर्यंत न वापरलेली खर्चाची लिमिट परत जाते, म्हणून ऑर्डर फेब्रुवारीत देऊन बिल एप्रिलमध्ये येईल असा खेळ करू नका. यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, आणि हप्ता नाही तर पहिली कात्री जेआरएफच्या पगाराला. पाच-पाच महिने बिनपगारी काम करणारी पोरं बघितलीत, वर पुण्यात खोलीचं भाडं, आणि कारण काय तर सीएच्या सहीचा कागद टेबलावर पडून आहे.

प्रपोजल नाकारलं गेलं तर

रिव्ह्यूअरचे शेरे मिळाले तर दोन दिवस बाजूला ठेवा आणि मग वाचा, पहिल्या दिवशी सगळेच शेरे मूर्खपणाचे वाटतात. तेच प्रपोजल नाव बदलून दुसऱ्या एजन्सीकडे टाकायचं असेल तर आधी शेऱ्यांप्रमाणे दुरुस्त करा, कारण विषय छोटा असला की रिव्ह्यूअर तोच निघतो. एकाच वेळी दोन ठिकाणी टाकलं असेल तर फॉर्ममध्ये तसं लिहा, लपवलेलं बाहेर आलं तर मिळालेलंही जातं. आणि "पाच टक्के द्या, ग्रँट काढून देतो" म्हणणाऱ्या माणसाचा फोन आला तर तो नंबर ब्लॉक करा, एवढंच.

शाळेतल्या सरांनीही विचारलं होतं म्हणून सांगतो, शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या केंद्राच्या इन्स्पायर मानक योजनेत विद्यार्थ्याला मॉडेलसाठी १०,००० रुपये थेट खात्यात येतात. तिथे बिघडतं ते बँकेतल्या आणि नोंदणीतल्या नावामुळे. एका ठिकाणी वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे आडनाव आधी, आधार जोडलेलं नाही, खातं बंद पडलेलं. नाव पाठवायच्या आधी मुलाचं पासबुक मागवून स्वतः बघा, आणि यूट्यूबवरचा अंधांसाठीच्या सेन्सर-काठीचा प्रयोग पाठवू नका, तो दर तालुक्यातून जातो.

परत कॉलेजकडे येतो. प्रोजेक्टची मुदत संपत आली आणि यंत्रच उशिरा आलं असं झालं तर मुदतवाढ मागता येते, वाढीव पैसे न घेता. फक्त अर्ज मुदत संपायच्या काही महिने आधी गेला पाहिजे, सोबत तोवरचा यूसी आणि झालेल्या कामाचा रिपोर्ट लावून. मुदत संपल्यावर केलेला अर्ज सहसा फेटाळला जातो. कॉलेज बदलणार असाल तरी तसंच, राजीनामा देण्याआधी एजन्सीला कळवा, जुन्या कॉलेजचं ना हरकत पत्र आणि नव्या कॉलेजचं संमतीपत्र दोन्ही लागतात, आणि यंत्र कुठे राहणार ते दोघांकडून लिहून घ्या.