बिनशर्त मूलभूत उत्पन्नावर वादसभा कशी घ्यावी

बिनशर्त मूलभूत उत्पन्न म्हणजे प्रत्येक व्यक्तीला कोणतीही अट न घालता नियमित मिळणारी रोख रक्कम. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत या विषयावर वादसभा घ्यायची असेल, तर सर्वांत जास्त मेहनत ठरावाच्या मजकुरावर घ्यावी. ‘सरकारने लोकांना पैसे द्यावेत का?’ असा मोघम ठराव ठेवला, की चर्चा फुकटेपणाच्या आरोपांतच अडकते. त्याऐवजी ‘कर्नाटकातील प्रत्येक व्यक्तीला, कोणतीही अट न घालता, दरमहा १,००० रुपये रोख मिळावेत’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे दोन्ही बाजूंना हिशेब मांडता येतो.

आपल्या भागात पहिला गोंधळ चालू योजनांवरून होतो. निपाणीतील आईला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये आणि सीमेपलीकडे कागलला दिलेल्या लेकीला महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये, हे चित्र अनेक घरांत दिसते. पण यांपैकी एकही योजना बिनशर्त उत्पन्न नव्हे. गृहलक्ष्मी ही कुटुंबप्रमुख स्त्रीपुरती असून प्राप्तिकर भरणारी घरे तीतून वगळली आहेत, तर लाडकी बहीण योजनेला वयाची आणि अडीच लाख रुपयांच्या वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे. अध्यक्षांनी हा फरक आरंभीच सांगावा. मात्र कागदपत्रांअभावी कोण वगळले जाते, हे या योजनांच्या अनुभवातूनच कळते, म्हणून विडी कामगार आणि ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांना पहिल्या वक्त्यांत स्थान द्यावे.

त्यानंतर हिशेब फळ्यावर मांडावा. २०११च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ६.११ कोटी होती. त्या आकड्यावरही ठरावाचा वार्षिक खर्च सुमारे ७३,३०० कोटी रुपये होतो, आणि २०२५-२६चा राज्याचा अर्थसंकल्प ४.०९ लाख कोटींचा होता. समर्थकांनी हा पैसा कोठून येणार ते सांगितलेच पाहिजे. विरोधकांनीही श्रीमंतांना दिलेली रक्कम करातून परत घेता येते, या युक्तिवादाला उत्तर द्यावे.

पैसे मिळाले की लोक काम सोडतील, हा आक्षेप येणारच. मध्य प्रदेशातील काही गावांत ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ साली सुरू केलेल्या प्रयोगात प्रौढांना सुरुवातीस दरमहा २०० आणि मुलांमागे १०० रुपये मिळत. तेथे आहार व शाळेतील हजेरी सुधारल्याचे आणि दारूवरचा खर्च वाढल्याचा पुरावा न मिळाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. फिनलंडचा २०१७-१८चा प्रयोग केवळ २,००० बेरोजगारांवर होता, त्यामुळे त्यावरून सर्व समाजाविषयी अनुमान काढू देऊ नये.

माझ्या मते वादाचा खरा गाभा एकच आहे: हे उत्पन्न रेशनच्या जोडीला मिळणार की रेशनच्या बदल्यात? २०१६-१७च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत दरडोई वर्षाला ७,६२० रुपयांची कल्पना प्रचलित योजनांना पर्याय म्हणूनच चर्चिली गेली, आणि सार्वत्रिक म्हणवूनही तिचा हिशेब ७५ टक्के लोकसंख्येपुरता होता. तांदळाचा भाव वाढला, तर ठरलेली रोख रक्कम कमी पडते. धान्य मात्र तेवढेच मिळते. म्हणून शेवटी मतदान दोनदा घ्यावे, एकदा रेशन कायम राहील असे धरून आणि एकदा रेशन बंद होईल असे धरून, आणि दोन्ही निकाल इतिवृत्तात स्वतंत्र नोंदवावेत.