सोंडकिडा ओळखायचा कसा?

धान्यात किंवा पानावर काळपट बारीक किडा दिसला की आपण ‘सोंडकिडा’ म्हणून मोकळे होतो. खात्री करायची असेल, तर किडा बाजूने पाहायची सवय लावून घ्या. वरून पाहिलं तर खाली वळलेली सोंड दिसतच नाही.

किडा पारदर्शक डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो सुस्तावेल. (हात लागताच पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करणारेही पुष्कळ असतात. मेला समजून डबी उघडी टाकू नका.) मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या.

आधी सोंड पाहा. ती म्हणजे पुढे लांबलेलं डोकंच, आणि तिच्या टोकाला चावायचे इवलेसे जबडे असतात. ढेकणाच्या गटातल्या किड्यांनाही चोच असते, पण ती रस शोषायची नळी. सोंडेपेक्षा माझा भरवसा मिशांवर जास्त. सोंडकिड्याच्या मिशा सोंडेवरूनच फुटतात, बहुधा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि टोकाला गाठ असते. याला अपवाद आहेत. रताळ्यावरच्या सोंड्या भुंग्याच्या मिशा सरळ असतात, तर झाडाची साल पोखरणारे काही भुंगेरे याच कुळातले असूनही त्यांना सोंड दिसतच नाही.

कडधान्यातला भुंगेरा मात्र खरा सोंडकिडा नव्हे. त्याला लांब सोंड नसते आणि वरचे टणक पंख आखूड असल्याने पोटाचं टोक उघडं राहतं.

आता धान्यातले खरे सोंडकिडे. तांदळातला साधारण 2 ते 3 मिलिमीटरचा असतो, पाठीवर चार तांबूस ठिपके, आणि तो उडू शकतो. त्याच्याच जवळच्या एका जातीला ठिपकेही नसतात आणि उडताही येत नाही. पण मक्यावरचा आणि तांदळातला सोंडकिडा इतके सारखे दिसतात, की खात्रीसाठी सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं तपासावी लागतात. इथे आपलं भिंग थकतं. अळीचंही तसंच. बिनपायाची, वाकडी, पांढरट, तपकिरी डोक्याची अळी दिसली तरी जात सांगणं कठीण.

अशा वेळी कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग किंवा एखादं निसर्गविज्ञान संग्रहालय गाठावं. वरून, बाजूने आणि समोरून असे तीन स्पष्ट फोटो काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. किडा कोणत्या झाडावर किंवा धान्यात, कुठे, कोणत्या तारखेला सापडला हे न विसरता लिहा. यजमान वनस्पती कळली की तज्ज्ञाचं अर्धं काम होतं. नमुना मागितला तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बाटलीतच टाकून द्या, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळू शकते. चिकटपट्टीवर किडा चिकटवू नका, मिशा तुटतात. आणि जिवंत किडा विचारल्याशिवाय पाठवू नका. वाटेत डबी उघडली, तर तो नव्या ठिकाणी पसरायची भीती असते.