नॅपलेक्सच्या अर्जात नाव जुळत नव्हते, तेव्हा
अमेरिकेतील फार्मासिस्ट परवान्याच्या नॅपलेक्स परीक्षेसाठी १०० डॉलर अर्जशुल्क भरल्यावर लक्षात आले की, पदवीवरचा ‘आडनाव, नाव, वडिलांचे नाव’ हा आपला क्रम मी एनएबीपीच्या (ही परीक्षा घेणारी, फार्मसी मंडळांची राष्ट्रीय संघटना) ई-प्रोफाइलमध्ये जसाच्या तसा उतरवल्याने वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात बसले होते. नवे खाते उघडून पाहिले. नोंदी दोन झाल्या आणि डोकेदुखी वाढली. अखेर पहिल्याच खात्यावर पासपोर्टची प्रत देऊन नाव दुरुस्त करून घेतले, राज्याच्या फार्मसी मंडळाची पात्रता-मान्यता येईपर्यंत थांबलो आणि त्यानंतरच परीक्षेचे ४२० डॉलर भरले. ईमेलने परवानगीपत्र आल्यावर त्यावरील नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिले, मग पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा केंद्राची तारीख घेतली.