फ्लाइट सिममध्ये (विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये) खरंखुरं उडायचंय? आधी असिस्ट (गेमची आपोआप मदत) बंद करा
१९८२ च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये चार रेघा दिसल्या की शिकागो समजायचं, २०२० च्या व्हर्जनमध्ये सॅटेलाइट फोटोंवरून अख्खी पृथ्वी उभी केलीये, पण नुसत्या देखाव्यावर जाऊ नका राव. एक्स-प्लेन हे दुसरं सिम्युलेटर तर पंखाचे छोटे छोटे तुकडे धरून प्रत्येकावर हवेचा जोर किती ते उडता उडताच मोजतं. हे हाताला जाणवायला हवं असेल तर सेसना १७२ हे छोटं विमान घ्या, ऑटो-रडर (शेपटीवरचं रडर आपोआप वळवणारा असिस्ट) आणि बाकीचे असिस्ट बंद करा, ४००० फुटांवर जाऊन थ्रॉटल (इंजिनचा जोर) कमी करा आणि नाक हळूहळू वर ओढत राहा. स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल जात असल्याचा, भोंगा वाजेल, मग नाक कोसळेल. घाबरून स्टिक मागे ओढू नका (सगळे हेच करतात!), पुढे ढकला, फुल थ्रॉटल द्या, स्पीड आला की हळूच सरळ करा.