एक ओळ म्हणजे नेमकं काय? डेटा वेअरहाउसच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

डेटा वेअरहाउस म्हणजे कंपनीच्या वेगवेगळ्या सिस्टीममधला डेटा रिपोर्टसाठी एकत्र ठेवायची जागा. तिच्या टीममध्ये मी रुजू झाले तेव्हा मला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) बऱ्यापैकी येत होतं आणि समोरचं काम सरळ वाटत होतं. विक्रीची सिस्टीम वेगळी, बिलिंगची वेगळी, गोदामाची वेगळी, तक्रारींची वेगळी. चारही ठिकाणची टेबलं उचलायची, एका जागी आणायची आणि त्यावर रिपोर्ट बांधायचे. टेबलं आणायला तीन आठवडे लागले. त्यानंतरचे कित्येक महिने एकाच प्रश्नात गेले: मागच्या महिन्याची विक्री किती?

विक्री विभाग ऑर्डर आली त्या दिवशी विक्री धरायचा. हिशेब विभाग बिल निघालं त्या दिवशी धरायचा. गोदामातली मंडळी माल गाडीत चढल्यावर धरायची. महिन्याच्या ३० तारखेला आलेली ऑर्डर, पुढच्या २ तारखेला निघालेलं बिल आणि ५ तारखेला गेलेला माल. तिघांचे आकडे वेगळे, आणि आपापल्या जागी तिघंही बरोबर. शेवटी आम्ही रिपोर्टमधून ‘विक्री’ हा एकटा शब्दच काढून टाकला आणि तीन मोजमापं ठेवली: नोंदवलेली विक्री, बिल झालेली विक्री, पाठवलेली विक्री. प्रत्येकाची व्याख्या एका वाक्यात लिहिली आणि तिन्ही विभागांकडून ती मान्य करून घेतली. या व्याख्या लिहून काढणं हे कोड लिहिण्याइतकंच तुमचं काम आहे, हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. दुसरं कुणी ते करून देत नाही.

त्याच काळात मला लागलेली एक सवय सांगते. कुठलंही टेबल उघडलं की आधी विचारायचं, यातली एक ओळ म्हणजे काय? एक ऑर्डर? ऑर्डरमधली एक वस्तू? एका वस्तूचा एका दिवसाचा साठा? या क्षेत्रात याला ‘ग्रेन’ म्हणतात. ग्रेन चुकला की पुढचं सगळं चुकतं, आणि क्वेरी (एसक्यूएलमध्ये लिहिलेला प्रश्न) मात्र एरर न देता व्यवस्थित चालते.

आमच्याकडे हे असं घडलं. ऑर्डरच्या टेबलात एका ऑर्डरची एक ओळ, तिच्यात डिलिव्हरीचा आकार (म्हणजे शुल्क) लिहिलेला. वस्तूंच्या टेबलात प्रत्येक वस्तूची एक ओळ. मी दोन्ही जॉइन केली, म्हणजे ऑर्डर क्रमांकावरून ओळी एकमेकींना जोडल्या, आणि डिलिव्हरीच्या रकान्याची बेरीज घेतली. ऑर्डर क्रमांक ५०१ मध्ये तीन वस्तू होत्या. डिलिव्हरीचा आकार ८० एकदाच लागला होता, पण जॉइन झाल्यावर तो तीन ओळींत दिसू लागला आणि बेरजेत २४० गेले. एकूण आकडा इतका फुगला नव्हता की बघताक्षणी डोळ्यांत भरावा. हिशेब विभागातल्या एका बाईंना ताळा लागेना म्हणून त्यांनी फोन केला. मी एकच ऑर्डर निवडली, ती मूळ सिस्टीमच्या स्क्रीनवर उघडली आणि तिथपासून रिपोर्टपर्यंत एकेक टप्पा कागदावर लिहीत गेले. चौथ्या टप्प्यावर ते तीन ८० दिसले.

तेव्हापासून रिपोर्ट देण्याआधी मी निदान पाच ऑर्डर अशा हाताने तपासते. एक साधी, एक अनेक वस्तूंची, एक रद्द झालेली, एक अर्धी परत आलेली आणि एक महिनाअखेरची. चुका बहुतेक याच पाचांत सापडतात.

ग्राहक जुळवणं हा याहून चिवट भाग. बिलिंगमध्ये ग्राहकाला कोड असतो, विक्रीच्या सिस्टीममध्ये ईमेल, तक्रारींच्या सिस्टीममध्ये फोन नंबर. तिन्हींचा मेळ घालायला एक वेगळं टेबल लागतं, आणि त्यात प्रत्येक जोडी कशाच्या आधारावर जुळवली तेही लिहून ठेवावं लागतं. नावावरून जुळवण्याचा मोह टाळा. एकाच नावाची दोन माणसं असतात आणि एकच माणूस आपलं नाव चार प्रकारे लिहितो. आमचे काही ग्राहक कशानेच जुळेनात, तेव्हा कळलं की मधल्या टप्प्यावर कुणीतरी फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केली होती. ‘००४७१२’ या कोडाचा ‘४७१२’ झाला होता. कोड अंकांचा दिसला तरी तो मजकूर म्हणूनच आणावा. ज्याची बेरीज करत नाही, त्याला संख्या मानू नये.

थोडं मागे जाऊ, कारण शब्द कुठून आले हे माहीत असलं की वाद समजतात. १९८८ साली आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी एका लेखात ‘बिझनेस डेटा वेअरहाउस’ची रचना मांडली. १९९० च्या दशकात बिल इनमन आणि राल्फ किंबॉल यांच्या दोन विचारसरणी रुजल्या. इनमन यांच्या व्याख्येत चार गुण येतात: डेटा विषयानुसार मांडलेला, एकसंध केलेला, काळाची नोंद ठेवणारा आणि आत आल्यावर न पुसला जाणारा. किंबॉल यांची पद्धत एकेका व्यवहारापासून सुरू होते. मध्ये घडलेल्या गोष्टींचं ‘फॅक्ट’ टेबल, भोवती ग्राहक, वस्तू, तारीख अशी ‘डायमेन्शन’ टेबलं, आणि तीच डायमेन्शन सगळ्या विभागांना सामाईक. नव्या माणसाने किंबॉलपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती पद्धत ग्रेन ठरवल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही.

‘काळाची नोंद’ म्हणजे काय ते मला एका ग्राहकामुळे समजलं. तो उत्तर विभागातून पश्चिम विभागात गेला. आम्ही त्याच्या ओळीत विभाग बदलला आणि त्याची गेल्या वर्षीची सगळी खरेदी रातोरात पश्चिमेकडे गेली. छापून वाटलेला वार्षिक अहवाल एक सांगत होता आणि स्क्रीन दुसरंच. यावरचा उपाय म्हणजे जुनी ओळ बंद करायची आणि नवी उघडायची: प्रत्येकीला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ अशा दोन तारखा, आणि ओळ ओळखायला वेअरहाउसचा स्वतःचा वेगळा क्रमांक (‘की’). याला ‘टाइप २’ म्हणतात. सगळ्या रकान्यांना हे लावू नका. नावातलं स्पेलिंग दुरुस्त केलं तर त्याचा इतिहास कुणाला लागत नाही. विभाग, वर्ग, जबाबदार विक्रेता अशा ज्या गोष्टींवर हिशेब तोडून बघितला जातो, त्यांनाच लावा.

रोजच्या लोडबद्दल, म्हणजे मूळ सिस्टीममधून रोज डेटा आणण्याबद्दल, दोनच गोष्टी. एक, त्याच दिवसाचा लोड दुसऱ्यांदा चालवला तरी आकडे दुप्पट होता कामा नयेत. डेटा आणणारी पाइपलाइन मध्यरात्री फुटते आणि सकाळी कुणीतरी ती पुन्हा चालवतंच. दोन, ‘शेवटच्या बदलाची वेळ’ बघून फक्त बदललेल्या ओळी आणत असाल, तर मूळ सिस्टीममध्ये खोडलेल्या ओळी तुम्हाला कधीच कळणार नाहीत. म्हणून रोज दोन्हीकडच्या ओळी मोजा आणि एखाद्या रकमेची बेरीज ताडून बघा. वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, पण ‘दिवस’ कुठल्या घड्याळाने मोजायचा हे व्याख्येत लिहा.

साधनांवर मी फार बोलत नाही, ती बदलत राहतात. सराव मात्र आजच सुरू करता येतो. डकडीबी हा मोफत डेटाबेस लॅपटॉपवर चालतो आणि त्यात टीपीसी-एच नावाचा नमुना डेटा तयार करून मिळतो. आठ टेबलं, आणि ‘स्केल १’ या आकारात १५ लाख ऑर्डर आणि त्यांच्या सुमारे ६० लाख वस्तू-ओळी. ऑर्डरच्या टेबलावरून एकूण रकमेची बेरीज घ्या. मग वस्तूंचं टेबल जॉइन करून तीच बेरीज पुन्हा घ्या. एका ऑर्डरमध्ये सरासरी चार वस्तू आहेत, त्यामुळे चौपट येईल असं वाटतं. येते साधारण पाचपट, कारण ज्या ऑर्डरमध्ये वस्तू जास्त तिची रक्कमही मोठी, आणि तीच जास्त वेळा मोजली जाते. हा फरक कागदावर स्वतः मांडून बघा. मग बेरीज बरोबर येईल अशी क्वेरी लिहा: आधी वस्तू ऑर्डरनिहाय गोळा करून घ्या, त्यानंतरच जॉइन करा.

आणि नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात हिशेब विभागात जाऊन एका माणसाशेजारी दोन तास बसा. ती व्यक्ती महिनाअखेर कशी बंद करते, कुठला आकडा कुठून उचलते, कशावर तिचा विश्वास नाही, हे बघा आणि लिहून घ्या. माझी ती वही अजून माझ्या टेबलावर असते.